शून्य फट आणि खालचं वारं

बाळ संध्याकाळी घरी यायचं होतं, आणि सकाळी सकाळी नाकाडे बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला, "सहाशे दहा."

"सहाशे दहा काय?" बाळाच्या मोठ्या बहिणीने, वेणूने विचारलं.

"तेच हुंगतोय," नाकाडे म्हणाला. "वास नाही. रंग नाही. आवाज नाही. पण आहे."

नाकाडे हा लांजेवारांच्या घरातला यंत्रमानव. उंचीने पाण्याच्या पिंपाएवढा, आणि पुढे एक लांब नळी. त्या नळीवरूनच आजोबांनी त्याचं नाव ठेवलं होतं. कुठे धूर निघाला, दूध नासलं, तार जळाली की हुंगून सांगायचं, हे त्याचं काम. आदल्याच दिवशी नगरपालिकेची माणसं येऊन वसाहतीतल्या सगळ्या यंत्रमानवांना एक नवी हुंगणी बसवून गेली होती. ती नेमकं काय हुंगते हे सांगणारं पत्रक, रीतीप्रमाणे, नंतर येणार होतं.

वेणूने खोलीत डोकावून पाहिलं. पाळणा होता. दुपट्यांची चळत होती. खिडकीशी खटपट करणारी आत्या होती. आणि सहाशे दहा काहीतरी होतं, जे दिसत नव्हतं.

आता हे कोडं किती अवघड आहे ते कळायला हवं, तर तुम्हाला हे घर माहीत पाहिजे. वैनगंगेच्या पलीकडे, गुलाबी टेकडीवरची ही वसाहत. उन्हाळ्यात पारा पन्नासला टेकायला लागल्यापासून इथे घरं डब्यासारखी घट्ट बांधत. आतला गारवा बाहेर जायला नको आणि बाहेरची धग आत यायला नको. हिवाळ्यात उलट, पण डबा तोच. दरवर्षी वसाहतीचे परीक्षक येऊन दारं-खिडक्या तपासत, आणि सगळ्यात घट्ट घराला 'शून्य फट' असं कोरलेली पितळी पाटी मिळे. जमीन कोणी तपासत नसे, कारण जमिनीला खिडक्या नसतात.

यंदाची पाटी लांजेवारांच्या दारावर होती. त्या घरात मुंगीसुद्धा वाट काढू शकत नव्हती. मग हे सहाशे दहा कुठून शिरलं?

वेणू आजोबांना बोलवायला धावली. आजोबांचं नाव स्वप्निल. (त्यांच्या लहानपणी अशीच जुन्या वळणाची नावं ठेवत.) त्यांनी आयुष्यभर खडकांचा अभ्यास केला होता. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. आबांनी नाकाडेच्या पोटावरचा पडदा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"रेडॉन," ते म्हणाले.

"हा कोण आता?" आतून शर्वरीआत्याने विचारलं.

शर्वरीआत्या म्हणजे आबांची मोठी मुलगी. भावजयीचं बाळंतपण करायला ती खास आली होती. तिच्या मते बाळंतिणीचा आणि बाळाचा एकच मोठा शत्रू असतो, तो म्हणजे वारं. वारं लागता कामा नये. म्हणून ती सकाळपासून खिडकीच्या कडांना कापूस ठासत होती. त्या खिडक्या आधीच पाटी जिंकलेल्या होत्या, पण आत्याचा परीक्षकांवर भरवसा नव्हता. कोपऱ्यात विजेची शेगडी लालबुंद करून ठेवली होती.

"रेडॉन हा एक वायू आहे," आबा म्हणाले. "आपल्या टेकडीच्या गुलाबी दगडात युरेनियम असतं (एक जड मूलद्रव्य, खडकात चिमूटभर विखुरलेलं). त्याचे अणू आपोआप फुटतात. फुटला की आतून एक बारीक तुकडा फेकून देतो आणि स्वतः वेगळंच मूलद्रव्य होऊन बसतो. ते पुन्हा फुटतं. असं होत होत रेडियम तयार होतं, आणि रेडियम फुटलं की रेडॉन. आता हे सगळं घराणं घन. दगडात जन्मायचं, दगडातच राहायचं. रेडॉन तेवढा एकटा वायू. तो उठतो आणि चालायला लागतो."

"प्रत्येक घराण्यात असतो असा एक," आत्या म्हणाली आणि कापसाचा आणखी एक बोळा ठासला.

"उघड्यावर आला तर हवेत पांगून जातो, त्याचं काही वाटत नाही. बंद घरात आला की साठतो."

"आणि सहाशे दहा?"

"बेकरेल. हे मोजायचं माप आहे. एक घनमीटर हवेत (मीटरभर लांब, रुंद आणि उंच खोक्यात मावेल तेवढ्या हवेत) दर सेकंदाला रेडॉनचे सहाशे दहा अणू फुटतायत. शंभराच्या आत असावं. तीनशेच्या वर गेलं तर हातावर हात ठेवून बसू नये."

वेणूने श्वास रोखून धरला. हा उपाय आजवर कोणालाच फार वेळ जमलेला नाही. तिलाही जमला नाही.

"फुटले तर काय होतं?"

लहान मुलांना घाबरवू नये असं आबांना वाटे, आणि खोटं सांगू नये असंही वाटे. या दोन गोष्टी एकदम करताना माणसाची बरीच ओढाताण होते.

"रेडॉन फुटला की त्यातून जे निघतं ते पुन्हा घन असतं. ते धुळीला चिकटतं. धूळ श्वासातून फुप्फुसात जाते आणि तिथे बसून ते पुन्हा फुटतं. दर वेळी आतल्या पेशींना (ज्या इवल्या विटांनी आपलं शरीर बांधलंय, त्यांना) एक टाचणी टोचते. एका टाचणीने काही होत नाही. एका रात्रीनेही नाही. पण वर्षानुवर्षं टोचत राहिली तर एखादी पेशी बिघडू शकते. त्यातून पुढे फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो."

"आबा, या खोलीत तुम्ही झोपत होता," वेणू म्हणाली. "चार वर्षं."

आत्याचा हात कापसावरच थांबला.

"झोपत होतो," आबा म्हणाले. "उबदार खोली. फार आवडायची मला."

"मग?"

"मग धोका वाढला. धोका वाढला म्हणजे आजार झाला असं नव्हे. विडी-सिगारेट ओढत असतो तर धोका कितीतरी पटींनी वाढला असता. मी छाती तपासून घेईन, ते माझ्याकडे लागलं. पण बाळाला आत्ता कुठे आयुष्य सुरू करायचंय. ते इथे नको."

"दुसऱ्या खोलीत ठेवू," वेणू म्हणाली.

"दिवाणखाना दोनशे नव्वद," नाकाडे म्हणाला. "स्वयंपाकघर दोनशे सत्तर. माझा कोपरा कोणी विचारला नाही, तरी दोनशे पंचाऐंशी." घर बैठं होतं. वर मजला नव्हता.

"सव्वा महिना बाळंतीण याच खोलीत राहील," आत्याने निकाल दिला. "बाहेर थंडी बघितली का? मला नका सांगू खिडक्या उघडा म्हणून. दिसत नाही, वास येत नाही, त्याच्यासाठी नऊ दिवसांच्या पोराला गारठ्यात टाकू?"

आत्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पौषातली थंडी होती आणि टेकडीवर वारा बोचरा होता. वेणूला दोन्हीकडून भीती वाटू लागली. खिडकी उघडली तर बाळ गारठणार. नाही उघडली तर टाचण्या.

मग तिला पंखा दिसला. खोलीच्या भिंतीत वर, बाहेर हवा फेकणारा पंखा होता. शून्य फटीच्या नियमांत एवढं एकच भोक बसत होतं, कारण पंखा बंद झाला की त्याचं झाकण आपोआप मिटे.

"आत्या, हा लावू? हा हवा बाहेर फेकतो."

"आत नाही ना आणत?"

"नाही."

"मग चालेल. जाणाऱ्याला मी कधी अडवत नाही."

आबांनीही मान डोलावली. "वायूच तो. फेकला की गेला." आबांना खडक उत्तम कळत. हवा हा त्यांचा विषय नव्हता, हे त्यांच्या त्या वेळी लक्षात आलं नाही.

पंखा घरघरू लागला. वेणू उंबऱ्यावर ठाण मांडून बसली.

"नाकाडे, किती?"

"सहाशे चाळीस."

"आत्ताच तर लावलाय," वेणू स्वतःशी म्हणाली. तिने जेवताना दोनदा विचारलं. सातशे दहा. सातशे नव्वद. नाकाडेची हुंगणी बिघडली असेल म्हणून तिने त्याला अंगणात नेलं, तर तो म्हणाला, "नऊ. मी ठीक आहे. खोली ठीक नाही." परत आत आणलं.

"आठशे नव्वद."

वेणूने पंख्याकडे पाहिलं. पंखा तिने लावला होता. तिने खोली चांगली करायला घेतली आणि खोली बिघडली. तेवढ्यात बाबांचा फोन आला. दवाखान्यातून लवकर सोडलं, आम्ही निघतोय, बाळ झोपलंय, वेणूला सांगा तिच्यासारखंच नाक आहे. आत्याने फोन पुढे केला, तर वेणूने तो परत तिच्याच हातात दिला. तिला बाबांशी बोलवेना.

"आबा, मी काय केलं?"

"मी पण केलं," आबा म्हणाले. ते खाली बसले होते आणि पंख्याकडे टक लावून पाहत होते. "वायू बाहेर जातोय. मग वाढतो कसा?"

आत्याला या कशात रस नव्हता. बाळ यायच्या आत तिला खोलीत धुरी द्यायची होती. मातीच्या वाटीत निखारे, त्यावर ओवा, बाळंतशेपा आणि वेखंड. तिने वाटी आणून भिंतीच्या कडेला जमिनीवर ठेवली. निळसर धूर निघाला. नाकाडे तीनदा शिंकला. धुराने शहाण्यासारखं सरळ वर जायला हवं होतं.

तो गेला नाही. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथून कोणीतरी फुंकर घालावी तसा तो तिरका झाला आणि खोलीच्या मध्यावर लोटला गेला.

वेणूने वाटी थोडी सरकवली. पुन्हा तेच. पाण्याचा नळ फरशीतून वर आला होता, तिथे नेली तर धूर जोरात वाकला. तिने हात ठेवला. हाताला गार लागलं.

"आबा. जमिनीतून वारा येतोय."

आबांनी पंखा बंद केला. फुंकर मंदावली. लावला. धूर पुन्हा वाकला. त्यांनी हे चारदा केलं, आणि मग कपाळावर हात मारून घेतला.

"वेणू, तुझी पाण्याची बाटली आण. नळीवाली."

बाटली रिकामी होती. आबांनी तिच्या बुडाला सुईने भोक पाडलं, झाकण घट्ट लावलं आणि ती हळदीच्या पाण्याच्या वाडग्यात उभी केली. "ओढ."

वेणूने नळीतून हवा ओढली. बाटलीच्या बुडातून पिवळ्या पाण्याची बारीक धार आत उडाली.

"तू हवाच ओढलीस ना? मग पाणी कशाला आलं?"

वेणू बाटलीकडे पाहत राहिली. "हवा बाहेर गेली. मग आत कमी पडली. वरून यायला वाट नाही." तिने पिवळ्या पाण्याकडे बोट दाखवलं. "म्हणून खालून जे होतं ते आलं."

"ही बाटली म्हणजे आपलं घर. पंखा म्हणजे तुझं तोंड. आतला दाब कमी झाला (दाब म्हणजे हवा जितक्या जोराने चहूकडे रेटते तो जोर). खिडक्यांतून चांगली हवा आली असती, पण त्या आपण बुजवून टाकल्या. मग घराने फरशीखालच्या दगडातून श्वास घेतला. आणि पंखा नसतानाही शेगडी हेच काम हळूहळू करते. गरम हवा हलकी होऊन वर चढते, छताच्या कुठल्या तरी बारीक भेगेतून निसटते, आणि तिच्या जागी खालून दुसरी येते. खोली जितकी उबदार आणि जितकी बंद, तितकी ती दगड चोखते."

"म्हणजे," आत्या हळूच म्हणाली. ती इतका वेळ हातात वेखंडाचा तुकडा घेऊन उभी होती. "म्हणजे बाळाला खालून वारं लागणार."

"हो."

"पाळण्याखालून."

"बरोबर पाळण्याखालून."

"आणि ते पण दगडातलं."

रेडॉन, बेकरेल आणि पेशी यांनी जे सकाळपासून जमलं नव्हतं, ते वाऱ्याने केलं होतं. आत्याने पदर खोचला, स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि खिडकी हवाबंद करणारी चिकट पट्टी कापायला लागली. यंदाच्या विजेत्या घराची पहिली खिडकी उघडायला तिला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

"समोरची पण," आबा म्हणाले. "एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. एकच उघडली तर हवा दारात उभी राहते, पाहुण्यासारखी."

शेगडी आणि पंखा बंद केला. दोन्ही खिडक्यांतून टेकडीवरचा वारा आरपार गेला. दुपटी फडफडली. वेणू दर थोड्या वेळाने विचारत होती आणि दर वेळी आकडा ऐकायच्या आधी डोळे मिटत होती. पाचशे वीस. तीनशे चाळीस. एकशे साठ. नाकाडेचा आवाज नेहमीसारखा सपाट होता, पण वेणूला तो आज गाण्यासारखा वाटला.

पण ऊन कलायला लागलं होतं. आत्या शहारली. "आता हे उघडं ठेवून पोराला झोपवायचं का?"

"नाही," वेणू म्हणाली.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. ती पंख्याकडे पाहत होती.

"आबा, बाटलीत हवा ओढली तर पाणी आत येतं. आणि फुंकली तर?"

"तर पाणी खाली रेटलं जातं."

"मग पंखा उलटा बसवू. त्याने बाहेरची हवा आत फुंकायची. घर भरलेलं राहील, मग दगडातली हवा आत येणारच नाही."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्क्रूड्रायव्हर आणायला गेले. ते परत येईपर्यंत वेणूने नळाभोवतीच्या आणि भिंतीकडेच्या फटी लांबी (भेगांत भरायचा, वाळून घट्ट होणारा लगदा) भरून बुजवल्या. "सगळ्या फटी कधीच सापडत नाहीत," आबा म्हणाले, "पण सापडतील त्या बुजवाव्यात." पंखा उलटा बसला. त्याचं आपोआप मिटणारं झाकण आता उलट्या बाजूचं झालं, म्हणून काढावं लागलं. भोक उघडं पडलं. धूळ यायला नको म्हणून बाहेरून त्यावर आडोसा हवा होता. पसरट, न गंजणारा, जरा वाकवता येईल असा.

सगळ्यांच्या नजरा एकदमच दाराकडे गेल्या. 'शून्य फट' ही पितळी पाटी त्या मापाची निघाली. आबांनी ती वाकवून भोकावर टोपीसारखी ठोकली. तिचा याहून चांगला उपयोग कोणी केला असेल असं वाटत नाही.

आत्याने दोन्ही खिडक्या लावून घेतल्या आणि पंखा सुरू झाला. गार झोत सरळ पाळण्याकडे आला. आत्याने तोंड उघडलं, मग मिटलं, शेगडी उचलली आणि पंख्याच्या झोताखाली नेऊन ठेवली. झोत कोमट झाला.

"इथे ठेवायला मला कोणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "लक्षात असू द्या."

वेणूने धुरीची वाटी राहिलेल्या एका बारीक फटीजवळ नेली. धूर क्षणभर घुटमळला, वाकला आणि मुकाट्याने फटीत शिरून खाली गेला. दगडातल्या भटक्याला कोणीतरी दारातूनच परत पाठवावं तसा.

"आता ती वाटी बाहेर ने," आबा म्हणाले. "बाळाच्या फुप्फुसाला धूरही नको."

आत्याने हेही ऐकलं. दिवस असे उगवतात कधी कधी.

अंधारायच्या आत दारात गाडी थांबली. आई हळूहळू उतरली. बाबांच्या हातात दुपट्याचं गाठोडं होतं, त्याला खरंच वेणूसारखं नाक होतं. सगळे बाळाकडे बघत होते. वेणू नाकाडेकडे बघत होती. तिला तोंडाने विचारायची भीती वाटत होती.

"शहाऐंशी," नाकाडे म्हणाला. आणि न विचारता पुढे म्हणाला, "उतरतंय."

आई पलंगावर टेकली आणि भिंतीतल्या भोकाकडे, कापलेल्या खिडक्यांकडे, जमिनीवरच्या लांबीकडे पाहून म्हणाली, "नऊ दिवसच गेले होते ना मी?"

तिला सगळं सांगायला बराच वेळ लागला. तेवढ्यात शेजारच्या आवारातून एक यंत्रमानव ओरडला, "चारशे सत्तर," आणि त्याच्या पलीकडून दुसरा, "पाचशे पाच." नव्या हुंगण्यांना सगळीकडेच कंठ फुटला होता. आबा कुंपणापाशी जाऊन शेजाऱ्यांना घाबरू नका पण खिडक्या उघडा असं सांगून आले. दुसऱ्या दिवसापासून त्यांना फरशीखाली एक पाइप घालून तो छपराच्या वर न्यायचा होता, त्यात एक छोटा पंखा. मग रेडॉन घरात शिरायच्या आधीच खालच्या खाली गोळा होऊन आभाळात जाईल आणि पांगेल. टेकडीवर घरोघरी तसे पाइप उभे राहिले तर दुरून कसं दिसेल, याचा वेणू विचार करत होती. घरांनी नाकं वर काढल्यासारखं दिसेल.

बाळाने एकदा तोंड वाकडं केलं आणि शिंकलं.

आत्या पुढे झाली. तिने पाळण्यावर वाकून पाहिलं, मग खाली वाकून पाळण्याखाली हात फिरवला, फरशीवर, भिंतीच्या कडेला.

"वारं लागलं वाटतं," बाबा म्हणाले.

"लागलं तर वरून लागलं," आत्या म्हणाली आणि दुपटं सारखं केलं. "वरच्याचं मी बघते."